एफ-वनचं हायब्रिड इंजिन नियमात बसतंय का, हे तपासतात कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाळूजला एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि कॅलिब्रेशनचे स्टिकर, हेच आयुष्य. रविवारी बजाजनगरला मित्राच्या खोलीवर आम्ही सात-आठ जण एफ-वनची, म्हणजे फॉर्म्युला वनची, रेस बघतो आणि कुणाचा निकाल रद्द झाला की सगळे माझ्याकडं बघतात, कारण मोजमाप हा माझा धंदा. नंतर मेसेजवर पण पोरं तेच तेच विचारायलेत. म्हणून सगळे प्रश्न एकदाच लिहून काढले. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथं नंबर दिलाय.

१. हायब्रिड इंजिन म्हणजे काय? आपल्या रस्त्यावरच्या हायब्रिड गाडीसारखंच का?

मूळ कल्पना तीच आहे, ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद पकडायची, बॅटरीत ठेवायची आणि लागेल तेव्हा वापरायची. टोयोटानं २०२४ मधे बिडकीनच्या प्लांटचा करार केल्यापासून आपल्याकडं हायब्रिड हा शब्द चहाच्या टपरीवर पण ऐकू येतोय, त्यामुळं एवढं बहुतेकांना माहीत आहे. एफ-वनमधे २०१४ ला १.६ लिटरचं व्ही-सिक्स टर्बो इंजिन आलं आणि त्याला दोन मोटर जोडल्या. एमजीयू-के मागच्या चाकांच्या बाजूनं ताकद घ्यायची आणि द्यायची, कमाल १२० किलोवॅट म्हणजे साधारण १६० हॉर्सपॉवर. एमजीयू-एच टर्बोच्या दांड्यावर बसायची आणि सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम वायूतून वीज काढायची. २०२६ पासून एच गेली आणि के थेट ३५० किलोवॅटची झाली. म्हणजे आता जवळपास निम्मी ताकद विजेची आहे, आणि तपासणीचं निम्मं काम पण विजेकडं गेलं.

२. नेमकं तपासायचं काय असतं? इंजिन दिलेल्या सीसीचं आहे, एवढं बघितलं की झालं ना?

नाही होत. टर्बो इंजिनात हवा पाहिजे तेवढी कोंबता येते, मग ताकद ठरते पेट्रोलवर. म्हणून २०१४ पासून खरी मर्यादा पेट्रोलच्या धारेवर आहे. २०२५ पर्यंत ती १०,५०० आरपीएमच्या वर तासाला १०० किलो होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम २८ ग्रॅम. त्याशिवाय अख्ख्या रेससाठी एकूण पेट्रोल आधी १०० किलो, २०१७ ला १०५, २०१९ ला ११० केलं होतं. विजेचं वेगळं, २०२५ पर्यंत एका लॅपमधे बॅटरीतून एमजीयू-के मोटरकडं ४ मेगाज्यूल आणि तिच्याकडून बॅटरीत २ मेगाज्यूल, त्यापेक्षा जास्त नाही. त्यात तेल किती जळतंय (प्रश्न ९), किती इंजिनं वापरली (प्रश्न १३), आणि २०२६ पासून पेट्रोलचं वजन न धरता त्यातली ऊर्जा धरतात, तासाला ३,००० मेगाज्यूल. एवढ्या सगळ्या मर्यादा एकाच वेळी, ताशी ३०० च्या वेगात, प्रत्येक गाडीवर बघायच्या असतात.

३. हे सगळं बघतं कोण?

एफआयए, म्हणजे जगातल्या मोटर रेसिंगचे नियम करणारी संस्था. प्रत्येक रेसला त्यांचा टेक्निकल डेलिगेट असतो, जो बाउअर हे नाव तुम्ही निकाल रद्द होताना बऱ्याचदा वाचलं असेल. त्यांच्या हाताखाली तपासनीस असतात. चूक सापडली की ते अहवाल देतात आणि निर्णय स्टुअर्ड्स, म्हणजे रेसचे पंच, घेतात, म्हणजे मोजणारा वेगळा आणि शिक्षा देणारा वेगळा. मला ही पद्धत फार बरोबर वाटते, कारखान्यात पण जो पार्ट बनवतो त्यानंच तो पास करू नये.

साधन म्हटलं तर २००८ पासून सगळ्या गाड्यांना एकच ठरलेला ईसीयू आहे, मॅकलारेनच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं बनवलेला. इंजिनाचा मेंदू सगळ्यांचा सारखा आणि त्याचा डेटा एफआयएला दिसतो. त्यावर सेन्सर, इंजिनाला सील, पेट्रोलचे नमुने, आणि क्वालिफायिंगपासून (सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी) गाडी पार्क फर्मेत, म्हणजे परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

४. पेट्रोलची धार चालत्या गाडीत मोजतात कशी?

आवाजावर. टाकीच्या आत एक फ्लो मीटर असतो, त्यातून पेट्रोल जातं. कानाला ऐकू येत नाही असा आवाजाचा ठोका एकदा धारेच्या दिशेनं सोडतात आणि एकदा उलट. धारेबरोबर जाणारा लवकर पोचतो, उलट येणारा उशिरा, त्या फरकावरून वेग निघतो. नदीत पोहणाऱ्याला विचारा, तो पण हेच सांगेल. फरक सेकंदाच्या इतक्या बारीक हिश्श्याचा असतो की तापमान, पेट्रोलची जात, विजेचा गोंगाट, सगळ्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्येक सेन्सरचं कॅलिब्रेशन वेगळं असतं. आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, हा मीटर सलग बघत नाही, ठराविक ठोक्यानं बघतो. पुढं प्रश्न ७ मधे हेच लागणार आहे.

५. सेन्सरच चुकीचा दाखवत असेल तर टीमला शिक्षा का?

हा प्रश्न सगळ्यात पहिल्या हायब्रिड रेसलाच आला. मार्च २०१४, मेलबर्न. डॅनियल रिकार्डो रेड बुलकडून घरच्या लोकांसमोर दुसरा आला, पोडियमवर गेला, आणि काही तासांनी निकालातून नाव गेलं. धार १०० किलोच्या वर गेली होती. टीमचं म्हणणं असं की सेन्सर भरवशाचा नाही, आमचा इंजेक्टरवरचा हिशोब खरा. एफआयएनं रेस चालू असतानाच धार कमी करा म्हणून सांगितलं होतं, टीमनं ऐकलं नाही. एप्रिलमधे अपील पण फेटाळलं.

रिकार्डोसाठी वाईट वाटतं, पोराची काही चूक नव्हती. पण निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे म्हणतो. गेज चुकीचा वाटला तर तो कॅलिब्रेशनला पाठवा, तक्रार लिहा, पण तोपर्यंत सगळ्यांसाठी तोच गेज. प्रत्येकानं आपापल्या घरच्या मापानं मोजायचं ठरवलं तर बाजार उठेल.

६. मीटरच्या पुढं पाईपातच पेट्रोल साठवून ठेवलं आणि सरळ रस्त्यावर एकदम सोडलं तर?

डोकं चांगलंय, पण आधीच बंद केलंय. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, धार बारीक असते, म्हणून आपण हौद भरून ठेवतो आणि मग बादलीनं पाहिजे तेवढं घेतो. इंजिनात पण तसा हौद मीटरच्या पुढं केला तर मीटरला धार बारीकच दिसेल आणि इंजिनाला मोठी मिळेल. नियमात स्पष्ट लिहिलंय, मोजण्याच्या जागेनंतर पेट्रोल साठवणारी किंवा धार वाढवणारी कुठलीही रचना, यंत्रणा किंवा पद्धत चालणार नाही. उद्देश असो नाहीतर नुसता परिणाम, दोन्ही बंद.

७. २०१९ मधे फेरारी नेमकं काय करायलती? सगळे चीटिंग म्हणतात, मग शिक्षा का नाही?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

२०१९ च्या उन्हाळी सुट्टीनंतर फेरारी सरळ रस्त्यावर एकदम पळायला लागली. तिचा एक ड्रायव्हर लक्लेर स्पाची आणि मोन्झाची रेस जिंकला, दुसरा व्हेटेल सिंगापूरची जिंकला, आणि स्पापासून मेक्सिकोपर्यंत सलग सहा रेसची पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, फेरारीकडं. बाकीच्या टीम जीपीएसवरून दुसऱ्याच्या गाडीचा वेग बघतातच, त्यांना दिसत होतं की ही ताकद कुठून तरी येतीय. ऑस्टिनच्या रेसच्या आधी रेड बुलनं एफआयएला लेखी विचारलं की समजा एखाद्यानं फ्लो मीटरच्या मोजण्यात विजेनं गडबड केली, म्हणजे मीटर ज्या क्षणी बघतो त्या क्षणी धार मर्यादेत आणि दोन बघण्यांच्या मधे जास्त, तर ते चालेल का? एफआयएनं टेक्निकल डिरेक्टिव्ह, म्हणजे नियमाचा खुलासा करणारं पत्र, काढून सांगितलं, चालणार नाही. कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला गावाकडचा काटा आठवला. अंबड तालुक्यात आमचा थोडा ऊस असतो. एका वर्षी ट्रॉली गावातल्या काट्यावर वजन करून कारखान्याला नेली, तिथल्या काट्यावर वजन चांगलंच कमी भरलं. कारखान्याचं नाव घेत नाही. वडील तिथंच उभे राहिले, परत वजन करा म्हणाले, तर मागं ट्रॅक्टरची रांग लागलेली आणि सगळे ओरडायला लागले. काट्यावर आकडा दिसत होता, सील होतं, सगळं कागदोपत्री ठीक, आणि आपल्याला आतून माहीत की काटा मारलाय पण सिद्ध करता येत नाही. एफआयएची अवस्था तीच झाली असावी, आणि बाकीच्या टीमची पण.

२८ फेब्रुवारी २०२० ला, बार्सिलोनाचं टेस्टिंग संपता संपता, एफआयएनं जाहीर केलं की फेरारीच्या इंजिनाचा तपास पूर्ण झालाय आणि दोघांत समझोता झालाय. तपशील गुप्त. ४ मार्चला फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सातही टीमनी एकत्र पत्रक काढून हे मान्य नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी एफआयएनं खुलासा केला, त्याचा अर्थ एवढाच की इंजिन सगळा वेळ नियमातच चाललं याबद्दल आमचं पूर्ण समाधान नाही, पण नियम मोडल्याचा पक्का पुरावा पण देता येत नाही.

फेरारीनं कधीच काही कबूल केलं नाही, आणि सिद्ध पण काही झालं नाही. त्यामुळं मी चीटिंग हा शब्द वापरत नाही. जे सगळ्यांना दिसलं ते एवढं की २०२० पासून प्रत्येक गाडीत दुसरा फ्लो मीटर आला, ज्याचा डेटा फक्त एफआयएकडं जायचा, आणि त्या वर्षी फेरारी एकही रेस न जिंकता सहाव्या नंबरवर गेली.

८. समझोता गुप्त ठेवायची परवानगी एफआयएला आहे का?

त्यांच्या नियमात तशी सोय होती, म्हणून केलं. तरी मला ते पटलेलं नाही आणि कधी पटणार पण नाही. पार्ट रिजेक्ट केला तर का केला ते रिपोर्टवर येतं, पास केला तर कुठल्या मापावर केला ते पण येतं. जो निकाल दाखवता येत नाही त्यानं फेरारीचं पण नुकसानच झालं, कारण खरंच काही केलं नसेल तर तो डाग पुसायचा रस्ताच बंद झाला. सहा वर्षं झाली, तरी रविवारी आमच्या खोलीत यावरून भांडणं होतात.

९. तेल जाळून ताकद मिळते म्हणे, ते कसं?

पेट्रोलला मीटर आहे, तेलाला तसा नव्हता. क्रँककेसमधून तेलाची वाफ हवेच्या रस्त्यानं इंजिनात येते, ती जळते, म्हणजे न मोजलेलं इंधनच. थोडं तेल प्रत्येक इंजिनात जळतंच, आपल्या जुन्या मोटरसायकलीत पण, म्हणून शून्य करता येत नाही. मग मर्यादा घातली आणि ती आवळत नेली. २०१७ मधे १०० किलोमीटरला ०.९ लिटरपर्यंत आणली, २०१८ ला ०.६, २०२० ला ०.३. नाव कुणाचं घेतलं नाही, गळा सगळ्यांचाच हळूहळू आवळला. मला ही पद्धत आवडते.

१०. बॅटरीत चोरी होऊ शकते का?

वीज मोजणं तसं पेट्रोलपेक्षा सोपं, करंट आणि व्होल्टेज बघायचं. अडचण येते ती सेन्सर कुठं लावलाय यावर. २०१८ मधे फेरारीच्या बॅटरीची रचना दोन भागांची होती, आणि एफआयएला नुसत्या डेटावरून ऊर्जेचा पूर्ण हिशोब लागत नव्हता. एका मीटरवर दोन घरं असली की लाईट बिलाचं जसं होतं तसंच. मोनॅकोच्या रेसच्या सुमारास जास्तीचे सेन्सर लावून बघितलं आणि एफआयएनं समाधान झाल्याचं सांगितलं. तिथं विषय संपला, आणि नीट संपला. शंका आली, मीटर वाढवला, निकाल सांगितला. २०१९ ला असंच झालं असतं तर प्रश्न ८ लिहावाच लागला नसता.

२०२६ मधे यावर जास्त डोळा ठेवावा लागतोय, कारण मोटर तिप्पट मोठी आहे. शिवाय ताशी २९० च्या पुढं विजेची ताकद वेगाबरोबर कमी करत न्यायची असा नियम आहे, म्हणजे किती वीज वापरली याबरोबर कुठल्या वेगाला वापरली हे पण बघायचं.

११. मर्सिडीजचा पार्टी मोड बेकायदेशीर होता का?

नव्हता. क्वालिफायिंगच्या एका लॅपसाठी इंजिन जास्त ताणायचं, रेसमधे परत सांभाळून चालवायचं, यात कुठलाच नियम मोडत नव्हता. पण मोड जितके जास्त तितका तपास अवघड. म्हणून २०२० च्या मोन्झापासून क्वालिफायिंग आणि रेस एकाच इंजिन मोडमधे करायची असा डिरेक्टिव्ह आला. कायदेशीर गोष्ट निव्वळ तपासता यावी म्हणून बंद केल्याचं हे उदाहरण आहे.

१२. एकाचा निकाल रद्द होतो, दुसऱ्याला नुसता दंड, असं का?

यात भरपूर गोंधळ आहे, उदाहरणानंच बोलू.

ऑस्टिन २०१८. ओकॉन या ड्रायव्हरच्या गाडीची पेट्रोलची धार पहिल्याच लॅपमधे मर्यादेच्या वर गेली, निकाल रद्द. त्याच रेसमधे मॅग्नुसेननं १०५ च्या जागी १०५.१ किलो पेट्रोल वापरलं, तो पण रद्द. शंभर ग्रॅमसाठी! लोक हळहळले, पण मर्यादा म्हणजे मर्यादा, आमच्याकडं पण टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) एक मायक्रॉन बाहेर गेलेला पार्ट बाहेरच असतो.

हंगेरी २०२१. व्हेटेल अॅस्टन मार्टिनकडून दुसरा आला. रेसनंतर नमुन्यासाठी टाकीतून १ लिटर पेट्रोल निघायला पाहिजे, ०.३ लिटरच निघालं. पेट्रोल चुकीचं होतं असं कुणी म्हणत नव्हतं, पण नमुनाच नाही म्हटल्यावर तपासायचं काय? रद्द.

आणि अबू धाबी २०१९. लक्लेरच्या गाडीत टीमनं लिहून दिलेलं पेट्रोल आणि प्रत्यक्ष मोजलेलं, यात ४.८८ किलोचा फरक. टीमला ५०,००० युरो दंड, तिसरा नंबर कायम. कारण मोडला तो घोषणेचा नियम, वापराची मर्यादा ओलांडल्याचं ठरलं नाही. कायद्याच्या भाषेत फरक आहे हे मान्य. पण तो हंगाम, ती टीम (प्रश्न ७), आणि जवळपास पाच किलोची तफावत, मला तरी तो दंड हलका वाटला.

१३. इंजिन बदललं की गाडी मागून सुरू करतात, ती पण चोरीची शिक्षा का?

नाही. हंगामाला ठराविकच इंजिनं मिळतात, जास्त काढलं की ग्रिडवर मागं. सील त्यासाठीच असतात, उघडलं की कळतं. चारित्र्यावर डाग नाही.

१४. २०२६ च्या कॉम्प्रेशन रेशोचा वाद काय आहे? गरम-थंडचं काय लफडं?

हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न, म्हणून जरा बसून सांगतो.

पिस्टन खाली असताना सिलिंडरमधे जेवढी जागा आणि वर असताना जेवढी उरते, त्यांचं प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. जास्त असेल तर तेवढ्याच पेट्रोलमधे जास्त ताकद. आधी मर्यादा १८ होती, २०२६ ला १६ केली. आणि मोजायचं कसं, तर सुरुवातीच्या नियमाप्रमाणं इंजिन थंड असताना, आजूबाजूच्या तापमानाला. हंगाम सुरू व्हायच्या आधीच आक्षेप आला की थंड असताना १६ आणि चालताना धातू गरम होऊन त्याच्या वर, असं इंजिन बनवता येतं, मग ते नियमात का नियमाबाहेर?

हिशोब करून बघा. १.६ लिटरचे सहा भाग, एक सिलिंडर साधारण २६७ सीसी. रेशो १६ असेल तर पिस्टनच्या वर जागा उरते १७.८ सीसी, १८ असेल तर १५.७. फरक दोन सीसीचा. बोअर ८० मिलिमीटर, त्यावर पसरला तर सरासरी ०.४ मिलिमीटर. एवढ्यावर सगळी लढाई.

आता माझ्या टेबलावर या. मागच्या मे महिन्यात लेथवरून काढलेला एक स्टीलचा पार्ट ऑपरेटर तसाच गरम घेऊन आला, साधारण ८० मिलिमीटरचा, हातात धरवत नव्हता. मोजला तर टॉलरन्सच्या वर. तो म्हणाला सर रिजेक्ट करू नका, थोडं थांबा. एसी खोलीत ठेवला, चहा पिऊन आलो, परत मोजला, २५ मायक्रॉन कमी आणि पार्ट पास. पार्ट तोच, गेज तोच, माणूस तोच. म्हणून जगभर लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला सांगतात, तापमान ठरवल्याशिवाय मापाला अर्थच नाही.

तर थंड मोजायचं असं लिहिलं असेल तर थंड मोजून १६ आलेलं इंजिन कागदावर पास आहे. पण त्याच नियमात गाडी कायम नियमात असली पाहिजे हे पण आहे, आणि पार्ट ज्या कामासाठी आहे ते काम तो गरम असताना करतो. माझं मत विचाराल तर जिथं काम होतं तिथं मोजा. अवघड आहे, सेन्सर टिकायला पाहिजे, खर्च आहे, पण थंड काट्यावर गरम मालाचा न्याय होत नाही.

१५. असली युक्ती आधी कुणी केली होती का?

केली होती, हायब्रिडच्या आधी, रॅलीत. १९९५ च्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिकाच्या टर्बोला हवा कमी घेण्यासाठी लावायचा रेस्ट्रिक्टर असा बनवला होता की गाडीत बसवला की तो थोडा मागं सरकायचा आणि बाजूनं जास्तीची हवा आत जायची, सोडवून तपासायला घेतला की परत जागेवर, सगळं बरोबर. टीमचे त्या हंगामाचे गुण गेले आणि १२ महिन्यांची बंदी आली. टेबलावरचं माप आणि गाडीतलं माप वेगळं, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे.

१६. ल माँ च्या २४ तासांच्या रेसमधल्या हायब्रिड गाड्यांना पण फ्लो मीटरच का?

तिथल्या हायपरकारना ड्राइव्हशाफ्टवर टॉर्क सेन्सर असतात. आत काय जळतंय यापेक्षा चाकाला किती ताकद जातीय ते थेट बघतात. पेट्रोलची असो का विजेची, दांड्यावर आली की मोजली. एफ-वननं हे पूर्ण उचललं तर बरीच भांडणं मिटतील असं मला वाटतं, पण मग चांगलं इंजिन बनवणाऱ्याला फायदा काय, हा प्रश्न उरतो. ल माँ मधे गाड्या मुद्दाम सारख्या पातळीवर आणतात, एफ-वनमधे नाही.

१७. भारतात ग्रां प्री झाली तेव्हा ही तपासणी होती का?

बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन रेस झाल्या, तेव्हा केर्स, म्हणजे ब्रेकची ताकद साठवणारी जुनी यंत्रणा, होतं, ६० किलोवॅट आणि लॅपला साधारण साडेसहा सेकंद. फ्लो मीटर पुढच्याच वर्षी आला, त्यामुळं तो आपल्याकडं कधी धावलाच नाही.

१८. दादा, मला या तपासणीच्या कामात जायचंय, जालन्याला डिप्लोमा करायलोय, काय शिकू?

असले मेसेज महिन्यातून एखादा तरी येतो, आणि आला की फार बरं वाटतं. मेट्रोलॉजी आणि इन्स्ट्रुमेंटेशन पक्कं कर. सेन्सरची सॅम्पलिंग म्हणजे काय हे समजून घे, प्रश्न ४ आणि ७ चं मर्म तेच आहे. चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथं मोजायची साधनं हातात घ्यायला मिळतील. कॉलेजची टीम असेल तर फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धेत जा आणि गाडी बनवणाऱ्यांमधे राहा, पण तपासणीच्या रांगेत स्वतः उभा राहा, तपासनीस बॅटरीच्या डब्यात कुठं कुठं बघतो ते नीट बघ. देशातल्या अधिकृत रेसचे ऑफिशियल एफएमएससीआयकडून, म्हणजे भारतातल्या मोटर स्पोर्टच्या महासंघाकडून, येतात, तिकडं पण अर्ज करता येतो. आणि एखाद्या रविवारी वाळूजला ये, माझ्याकडचा बोअर गेज हातात देतो, एकच पार्ट गरम आणि गार दोन्ही मोजून बघ.